‘कळवू’ या शब्दाचे ऋण

प्रतीक्षा हा शब्द आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना परका नाही. उपासनावर्षाचा आरंभच मुळी आगमनकाळाने होतो. वेदीजवळ चार मेणबत्त्या मांडल्या जातात आणि दर रविवारी एक अधिक पेटते. चौथी पेटली की नाताळ आला, हे घरातल्या लहानग्यांनाही ठाऊक असते. ही प्रतीक्षा आपल्याला गोड वाटते, कारण तिला शेवट आहे आणि तो शेवट आपल्याला आधीच सांगून ठेवलेला आहे. परंतु आज आम्हांला लिहावयाचे आहे ते एका वेगळ्याच प्रतीक्षेविषयी. तिच्यात एकूण मेणबत्त्या किती, आतापर्यंत किती पेटल्या आणि अंधार का आहे, यांतले काहीच कोणी सांगत नाही.

चांदा धर्मप्रांताचे पीठ असलेल्या बल्लारपुरात आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, आई घर सांभाळणारी आणि थोरली मुलगी परिचारिका. परदेशातील एका रुग्णालयाने तिला कायमच्या नोकरीसाठी बोलाविले. वर्षभर कागदपत्रांची जमवाजमव चालली. जन्माचा दाखला, पोलिसांचे प्रमाणपत्र, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी. मुलाखतीसाठी बापलेक रेल्वेने मुंबईस गेले. मुलाखत दहा मिनिटांची झाली. अधिकारी सौजन्याने बोलले आणि शेवटी त्यांनी एक छापील चिठ्ठी हाती दिली. काही प्रशासकीय तपासणी शिल्लक आहे, ती पूर्ण झाल्यावर कळवू, एवढाच तिचा मथितार्थ. त्या गोष्टीला आता चौदा महिने झाले. होकार नाही, नकार नाही. विचारणा केली तर त्याच चिठ्ठीतले वाक्य पुन्हा उत्तरादाखल येते.

या चौदा महिन्यांत त्या घरात काय घडले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. मुलीने मुलाखतीपूर्वीच इथल्या नोकरीचा राजीनामा दिला होता. लग्नाची बोलणी ‘आधी व्हिसा येऊ द्या’ म्हणून थांबली. बाहेरच्या खोलीत दोन नव्या कोऱ्या बॅगा उभ्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्यांच्याकडे जाई आणि मग प्रश्न येई, ‘काय झालं जी पोरीच्या व्हिसाचं?’ शेवटी आईने त्या बॅगांवर एक जुनी चादर पांघरली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात थांबून चार शब्द बोलणारे हे कुटुंब हळूहळू मागच्या दाराने निघून जाऊ लागले.

कारण न सांगितलेला विलंब माणसाला नुसता थांबवून ठेवत नाही, तो त्याला स्वतःवरच संशय घ्यावयास लावतो. ‘त्या प्रश्नाला मी अडखळले का?’, ‘वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन दाखल्यांत वेगळे होते का?’ मुलीचे आजोळ अहेरी तालुक्यातले, तिचा जन्मही तिथलाच. तेव्हा ‘कागदावर गडचिरोली जिल्ह्याचे नाव आहे, नक्षलवादामुळे ते नाव बदनाम झालेले, म्हणून तर नसेल?’ अशीही शंका निघाली. जिथे कारण दिले जात नाही, तिथे माणूस कारण निर्माण करतो, आणि ते बहुधा स्वतःच्याच अपराधात शोधतो. निरपराध माणसाला आपला अपराध हुडकत बसावे लागणे ही एक शिक्षाच आहे. ती कोणी सुनावलेली नसते, एवढेच. मग या पोकळीत दलाल शिरतो. ‘आतली ओळख आहे’ म्हणतो आणि पैसे मागतो.

येथे एक भेद स्पष्ट करणे आम्हांला अगत्याचे वाटते. दुःख विलंबाच्या लांबीचे नाही. अमेरिकेच्या कायद्याचे उदाहरण घेऊ. तेथील नागरिकाने आपल्या भावाबहिणीसाठी अर्ज केला, तर भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. पण तो विलंब समजण्याजोगा असतो. दर वर्षी किती व्हिसा द्यावयाचे याची संख्या कायद्याने ठरलेली आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, हे तेथील परराष्ट्र खाते दर महिन्याला प्रसिद्ध करते. माणूस रांगेत उभा असतो, पण रांग त्याला दिसते. उलट त्याच देशाच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्याच्या कलम २२१ (जी) अन्वये मुलाखतीनंतर अर्ज ‘प्रशासकीय तपासणी’साठी राखून ठेवला, तर कागदोपत्री तो नाकारलेलाच धरला जातो. पुढे तपासणी संपली तर तो पुन्हा विचारात घेतला जातो. पण ती कधी संपेल, याचा नेम नसतो. दरम्यान वैद्यकीय तपासणीचा अहवाल, जो साधारणतः सहा महिनेच ग्राह्य असतो, तो जुना होतो आणि खर्च पुन्हा करावा लागतो. पंधरा वर्षांची रांग माणूस सोसतो. पंधरा महिन्यांच्या मौनाने तो खचतो.

अशा वेळी दाद तरी कोठे मागावी? २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका पतिपत्नीच्या प्रकरणात निर्णय दिला. पत्नी अमेरिकन नागरिक, पती एल साल्वादोरचा. मुलाखतीनंतर पतीला २०१५ मध्ये व्हिसा नाकारला गेला. कारण म्हणून केवळ कायद्याचे एक कलम सांगितले गेले. त्याच्या अंगावरील गोंदणावरून तो एका गुन्हेगारी टोळीचा सदस्य असावा, असा अधिकाऱ्यांचा समज झाला होता. हा समज, जो त्याने सतत नाकारला, त्या दोघांना सुमारे तीन वर्षांनी कळला, तोही न्यायालयात गेल्यावर. तरीदेखील पतीला देशात येऊ देण्याबाबत पत्नीला घटनादत्त मूलभूत अधिकार नाही, असे बहुमताने ठरले. आम्ही कायदेपंडित नाही. परंतु तीन वर्षे एक पत्नी कोणत्या प्रश्नाशी झुंजत असेल, हे समजावयास कायदा शिकावा लागत नाही.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. आपल्या सीमेत कोणाला घ्यावे, हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. न्याय्य कारण असेल तर देशांतर करण्याचा माणसाचा हक्क पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात मान्य केला. त्याचबरोबर स्थलांतरितांच्या प्रवेशावर शासनाने सर्वांच्या हितासाठी अटी घालाव्यात, हेही ख्रिस्तसभेची श्रद्धाशिकवण स्वीकारते. काही चौकशा गुप्त राहणे आवश्यक असते. एकाच टेबलावर हजारो अर्ज पडलेले असतात, त्यांमागचा कारकूनही माणूसच असतो. हे सारे मान्य. पण गुप्तता आणि मौन यांत अंतर आहे. ‘तुमच्याकडून कोणताही कागद बाकी नाही’, ‘अमुक महिन्यांनी पुन्हा विचारा’, एवढे सांगितल्याने कोणते गुपित फुटते? जो ‘कळवू’ म्हणतो तो ऋण घेतो. ते ऋण होकाराचे नसते, कळविण्याचे असते, आणि नकार देऊनही ते फेडता येते.

आपल्या देशाने हा धडा एका पारपत्रावरूनच गिरविला. १९७७ मध्ये मेनका गांधी यांना पारपत्र जमा करण्याचा आदेश झाला. त्यांनी कारण विचारले, तेव्हा जनहितास्तव ते सांगता येत नाही, असे उत्तर आले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितले की व्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. आपल्या या जंगलपट्टीत जमिनीचा दावा ग्रामसभेपासून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. दावा फेटाळला तर कारणांसह कळवावे, असे २०१२ च्या सुधारित नियमांत लिहावे लागले. लिहावे लागले, यातच सारे आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले. त्याच गावाने २०१३ मध्ये आपली सारी जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा ठराव केला, आणि त्या कायद्यानुसार स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा मिळावयास २०२४ साल उजाडले. गावाने पाठपुरावा सोडला नाही. म्हणजे बल्लारपूरच्या त्या घराने जे सोसले, ते या दोन जिल्ह्यांतील झाडाझुडपांतल्या कित्येक घरांना जुनेच आहे. फक्त वकिलातीच्या जागी तहसील कचेरी आहे.

मग ख्रिस्ती माणसाने अशा वेळी काय करावे? ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प राहावे? आम्हांला येथे संत पौलाची आठवण होते. कैसरिया येथे सुभेदार फेलिक्स याच्यापुढे त्याची सुनावणी झाली. दोन्ही बाजू ऐकल्यावर फेलिक्सने निकाल दिला नाही. लुसिया सरदार आला म्हणजे पाहू, असे म्हणून प्रकरण तहकूब केले. पौलाकडून लाच मिळेल, अशी आशा त्याला होती. त्यासाठी तो पौलाला वरचेवर बोलावून घेई. अशी दोन वर्षे गेली. फेलिक्सच्या जागी फेस्त आला, तरी पौल बंदिवासातच होता. प्रेषितांच्या कृत्यांतील हा भाग आपण वाचतो आणि पुढे जातो; पण मुलाखत झाली आणि निकाल राहिला, या स्थितीचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

पौलाने त्या दोन वर्षांत लाच दिली नाही. ती त्याची सचोटी. त्याने आपला विश्वास कडवट होऊ दिला नाही. ती त्याची सहनशीलता. आणि संधी येताच त्याने रोमन नागरिकाचा हक्क सांगून कैसराकडे दाद मागितली. हीसुद्धा सहनशीलताच होय, असे आम्ही म्हणतो. धीर धरणे आणि मुकाट राहणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टान्तातील विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली. तिच्या चिकाटीची प्रभूने प्रशंसाच केली आणि देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हेही सुचविले.

हा शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देवाचे मौन आणि कचेरीचे मौन एकाच मापाने मोजू नये. पवित्र शनिवारी कबरेवर जे मौन पसरले होते, त्यात देव आपल्यासह होता; मेलेल्यांमध्येही तो उतरला होता. फाईलींच्या कपाटातील मौनात असे पावित्र्य नाही. त्याला देवाची योजना म्हणणे म्हणजे माणसाची हयगय देवाच्या नावावर खपविणे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगावयास आरंभ केला आणि ते देवाच्या रोषास पात्र ठरले. ‘नोव्हेना नीट केली नसेल’, ‘कोणाची तरी दृष्ट लागली’, असे त्या आईला सांगणारे आपल्याच धर्मग्रामात निघाले, हे नमूद करताना आम्हांला लाज वाटते.

पौलाच्या बंदिवासात त्याच्या मित्रांना त्याची सेवा करण्यास मोकळीक होती. ती मोकळीक आपल्याला आहे. थांबलेल्या घराकडे जावे, पण रोज तोच प्रश्न विचारू नये. अर्ज कसा लिहावा, कागदांच्या प्रती तारीखवार कशा ठेवाव्यात, हे ज्याला कळते त्याने तासभर द्यावा. दलालापासून सावध करावे. आणि थांबलेल्या माणसाने आजचा दिवस उद्याच्या हवाली करू नये. त्या मुलीने आठव्या महिन्यात गावातल्याच एका दवाखान्यात पुन्हा नोकरी धरली. पहिल्या दिवशी तिला पराभव वाटला. रात्रपाळीत एका म्हाताऱ्याला पाणी पाजताना, हेच काम करावयास आपण समुद्रापार निघालो होतो, हे तिच्या ध्यानी आले.

जाता जाता बोट आपल्याकडेही वळवू या. मुलगी पाहून, पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेलेली आणि पुन्हा कधीच न कळविणारी मंडळी आपल्यातलीच ना? मजुराला ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणणारे, संस्थेत अर्ज घेऊन आलेल्या गरजू तरुणाला महिनोन्महिने ताटकळत ठेवणारे आपणच ना? आपल्या टेबलावरही कोणाची तरी चौदा महिन्यांची रात्र पडून असेल. वकिलातीकडून जे मागतो, ते आधी आपण द्यावे. नाही म्हणावयाचे असेल तर नाही म्हणावे, पण कळवावे.

हे लिहीपर्यंत त्या घरी पत्र आलेले नाही. दर तीन महिन्यांनी वडील विनयाने पण नेमाने विचारणेचे पत्र पाठवितात आणि त्याची प्रत फाईलला लावतात. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत बॅगा दिसल्या नाहीत. विचारल्यावर आई म्हणाली, त्यांत गोधड्या भरून माळ्यावर ठेवल्या. लागतील तेव्हा काढता येतील. त्या सायंकाळी त्यांच्यासह रोजरी म्हणून आम्ही निघालो. दारापर्यंत सारे सोडावयास आले आणि येत्या रविवारी मिस्सानंतर आवारात भेटण्याचे ठरले.