क्लचचा स्विच आणि कारणविचार

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही. क्लच दाबल्याखेरीज सुरू न होणाऱ्या गाडीत असे झाले, की संशय क्लचच्या स्विचवर जातो. पेडल तळापर्यंत दाबले की हा स्विच जुळतो आणि स्टार्टरच्या रिलेला करंट मिळतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापून ठिसूळ झालेले पेडलवरचे प्लॅस्टिकचे बटण तुटले, तर स्विच दाबलाच जात नाही. कधी पायाखालची मॅट दुमडून पेडलच्या आड येते.

मेकॅनिक गाडी न्यूट्रलला आणून हँडब्रेक ओढतो, स्विचचा कपलर काढतो आणि त्याची दोन टोके तारेने जोडतो. स्टार्टर फिरला, तर दोष स्विचचा किंवा तो दाबणाऱ्या भागाचा. न्याय या भारतीय दर्शनातला अन्वय-व्यतिरेक तो हाच: एक असता दुसरे घडते, नसता घडत नाही.

मात्र धक्का मारून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की तीच गाडी सुरू होते. मग स्विच कारण कसा? याच दर्शनातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’नुसार कार्याआधी नियमाने असणारे ते कारण. माती वाहणारे गाढव घटाचे कारण ठरत नाही, कारण त्याच्यावाचूनही घट होतो. इंजिन चालण्याच्या बाबतीत स्विचही तसाच. पण किल्लीने स्टार्टर फिरणे हे कार्य धरले, तर स्विच टळत नाही. कार्य नेमके सांगितले की शंका फिटते.

मॅटचा प्रश्न अधिक खोल आहे. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही, तेव्हा त्याची दाहशक्तीच नष्ट होते, असे मीमांसा दर्शनाचे अनुयायी म्हणतात. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे, उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त हे नाकारतात: प्रतिबंधकाचा, म्हणजे अडथळ्याचा, अभाव हेही एक कारणच. मॅट सरकवली की गाडी लगेच सुरू होते. बॅटरीची शक्ती मध्यंतरी मेली होती, असे कुणी मानत नाही. येथे उदयनांचाच पक्ष पटतो.

‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेला. उलट, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणारे डॉ. आंबेडकर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये, घटनेचे कारण मानवी कृतीत किंवा निसर्गनियमात शोधायला सांगतात; ईश्वराला तेथे जागा नाही. हा मतभेद मिटणारा नाही. तरी नैयायिकांच्या मते ईश्वर साधारण कारण आहे, सर्वच कार्यांना सारखे. त्यामुळे कालपर्यंत सुरू होणारी गाडी आजच का अडली, हे ईश्वराच्या नावाने सांगता येत नाही. त्यासाठी असाधारण कारण लागते, आणि ते पेडलपाशी वाकूनच सापडते.