मुखत्यारपत्र कोणी दिले?

टेक्सासातील दोन मित्र उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून नेम धरून रात्री रानडुकरे मारीत असल्याची एक चित्रफीत या आठवड्यात घरोघरी फिरली. रानडुकरे मारली जातात हे मला नवीन नाही, आणि केवळ तेवढ्याने मी लेखणी उचललीही नसती. परंतु प्रत्येक बारासरशी उसळणारे ते पार्श्वसंगीत, जनावर कोसळताच दोघांनी एकमेकांना दिलेल्या टाळ्या, आणि अखेरीस चेहरे गंभीर करून केलेले ‘हे आम्ही शेतकऱ्यांसाठी करतो’ हे निवेदन, या तिन्ही गोष्टी एकाच पंक्तीला बसलेल्या पाहून मन विटले. पार्श्वसंगीताविषयीची माझी चीड जुनी आहे. लग्नाची पंगत असो वा पुढाऱ्याचे भाषण, प्रत्येक प्रसंगाला ठेका जोडल्यावाचून आपल्याला आता चैन पडत नाही. तथापि प्राण घेण्याच्या क्रियेलाही ठेका लागावा, ही अभिरुचीची अवनती नसून अंतःकरणाची आहे.

त्या दुर्बिणीतून काय दिसते, ते एकवार शांतपणे पाहावे. तिला चंद्रप्रकाश लागत नाही, विजेरी लागत नाही. सजीव देहातून अहोरात्र बाहेर पडणारी उष्णता हीच तिची ज्योत. थंड गवत काळसर दिसते आणि त्यात चरणारी जनावरे पांढऱ्या ठिपक्यांसारखी उठून दिसतात. त्यांचा रंग दिसत नाही, नजर दिसत नाही. मोठ्या ठिपक्यामागून लहान ठिपके धावू लागले की ती पिलांची आई आहे एवढा तर्क मात्र करता येतो. गोळी लागलेले जनावर झुडपात पळाले तर त्याच्या रक्ताचे थेंब गवतावर शुभ्र उमटतात, आणि जसजसे ते निवत जातात तसतसे मंद होत अखेर काळोखाशी एकरूप होतात. ज्याच्या डोळ्यांसमोर एका जीवाची ऊब अशी क्षणाक्षणाने विझते, त्याला त्याच क्षणी टाळी सुचावी, हे मला समजू शकत नाही.

उपद्रव खरा आहे, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. 1539 मध्ये हर्नान्दो दे सोतो फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर डुकरे होती; पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सुटलेली डुकरे रानावली, आणि 1930 नंतरच्या काळात हौशी शिकाऱ्यांनी युरोपातील रानडुकरे टेक्सासात मुद्दाम आणून सोडली. आज तेथील संख्येचा नेहमी दिला जाणारा अंदाज सुमारे 26 लक्षांचा आहे. नुकत्याच पेरलेल्या मक्याच्या ओळीत शिरून दाणा न् दाणा उकरीत त्यांचा कळप असा सरळ पुढे जातो की, पहाटे शेतकऱ्याला तास तेवढे दिसते, बियाणे दिसत नाही. त्या शेतकऱ्याने उपाय करावा, आणि त्या उपायात डुकराचा जीव जावा, हे मी दुःखाने परंतु निःसंशयपणे मान्य करतो.

मात्र त्याच्या दुःखाचे मुखत्यारपत्र या दोघा मित्रांना कोणी दिले? शेतकऱ्याच्या सेवेची ही सबब जितकी तपासावी तितकी पोकळ निघते. टेक्सासात 2011 मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपण्याच्या सहली पैसे घेऊन चालविण्याची वाट कायद्याने मोकळी केली. 2017 मध्ये गरम हवेच्या फुग्यात बसून त्यांना मारण्याची मुभा मिळाली. आणि 2019 पासून खाजगी जमिनीवर, मालकाची संमती असली की, त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. फुग्यात बसून कोणत्या पिकाची राखण होते? एकेका रात्रीसाठी शिकारीच जमीनमालकाला वा सहल चालविणाऱ्याला मोल मोजतो. तो ज्याला सेवा म्हणतो ती खरेदी केलेली करमणूक आहे. आणि जेथे करमणूक विकली जाते तेथे तिचे साहित्य संपू नये अशीच सर्वांची इच्छा असते. टेनेसी संस्थानाने 1999 मध्ये रानडुकरांची शिकार राज्यभर खुली केली. डुकरे कमी होणे दूरच राहिले; हौशी लोकांनी ती वाहनांत घालून नव्या मुलखात नेऊन सोडली. जी मूठभर परगण्यांत होती ती जवळजवळ 80 परगण्यांत पसरली, आणि 2011 मध्ये सरकारला ते शिकारीचे धोरणच गुंडाळावे लागले. मिसुरीच्या निसर्गसंरक्षण खात्याने 2016 मध्ये आपल्या ताब्यातील जमिनींवर डुकरांच्या शिकारीस मनाई केली. कारण साधे होते: दोन-तीन डुकरे मारली की उरलेला कळप उधळतो, सावध होतो, आणि पुढे सापळ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

खरा उपाय तो सापळाच. मोठे गोल कुंपण उभारावे, आत मका टाकावा, जनावरे निर्धास्त होईपर्यंत रात्रीमागून रात्र वाट पाहावी, आणि आईपासून पिलापर्यंत सारा कळप आत आल्याची खात्री झाली म्हणजेच दार पाडावे. हे काम कंटाळवाणे आहे, निर्दय आहे, आणि परिणामकारक आहे. त्यात नेमबाजीचा गौरव नाही, मित्राची शाबासकी नाही, आणि त्याला पार्श्वसंगीत लावण्याची बुद्धी अद्याप तरी कोणाला झालेली नाही. ज्याला पीक वाचवायचे असते तो सारा कळप कोंडतो. ज्याला रात्र रंगवायची असते तो त्यातले एक टिपतो आणि बाकीचे शेजाऱ्याच्या शेतात धाडतो.

‘मांस खातोच की’ आणि ‘वाघ काय कमी क्रूर असतो’ या उरलेल्या सबबींपैकी पहिली, प्रेते शिवारात टाकून जाणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही. दुसरीला उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

आणि आता आपल्याकडील काही सुशिक्षित मंडळी म्हणू लागली आहेत की, कोकणात आणि विदर्भातही असेच व्हावे. त्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. तेथील डुक्कर परदेशातून आणलेले आहे. येथील रानडुक्कर या भूमीचा मूळचा रहिवासी असून वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे. आपल्या शेतकऱ्याचे हाल मात्र तिळमात्र कमी नाहीत. बांधाभोवती जुन्या साड्या ताणून, माळ्यावर बसून, पत्र्याचा डबा बडवीत तो भाताची वा भुईमुगाची राखण करतो, आणि सकाळी पंचनाम्यासाठी वनखात्याच्या कचेरीत खेटे घालतो. पीक नासणाऱ्या डुकराला मारण्याचा परवाना कायद्याने मिळू शकतो. तो वेळेवर मिळावा, भरपाई पुरी मिळावी, कुंपणाला साहाय्य मिळावे, ही मागणी सर्वस्वी रास्त आहे. त्या मागणीत हौशी पाहुण्याची दुर्बीण कोठेच बसत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा शिकारीचे परवाने बंद झालेले नव्हते. तरीही सूर्यास्तानंतरच्या, कृत्रिम उजेडातल्या आणि पाणवठ्यावरच्या शिकारीस त्याने विशेष मुभेवाचून मनाई केली होती. जनावरालाही काही एक आसरा असावा, ही त्यामागची भावना. गावागावांतल्या प्रखर दिव्यांनी आपण रात्रीचा बराचसा हिस्सा हिरावून घेतलाच आहे. उरलेली रात्र तरी दुर्बिणीच्या हवाली करू नये, असे मला मनापासून वाटते.

साधन जितके समर्थ तितकी ते हाती धरणाऱ्याची जबाबदारी अधिक. ज्याला काळोखात सर्व दिसते आणि जो कोणाला दिसत नाही, त्याने कोणावर नेम धरतो आहे याची खात्री करावी, जखमी जनावराचा माग सोडू नये, आणि काम उरकल्यावर हसू नये. एवढा संयम जगातल्या सर्व हौशी शिकाऱ्यांना शिकविता येईल अशी माझी आशा नाही. माणसाला मौज हवी असते आणि तो ती कोठून तरी मिळवितोच. त्याने तिला मौज म्हणावे, शेतकऱ्याची सेवा म्हणू नये. ज्यांना सेवाच करावयाची आहे त्यांनी कोकणात कापणीच्या दिवसांत खुशाल यावे: माळे पुष्कळ आहेत, बडवायला डबेही आहेत, आणि रात्रभर जागणाऱ्या माणसांची टंचाई आहे.