दोराचे ऋण

कोजागिरी सरली की वऱ्हाडातील हवा पालटते. वैशाखात जी अकोल्या-अमरावतीची माती पायाला चटके देते, तीच आता पहाटे गार लागते. कपाशीची बोंडे फुटू लागतात, सोयाबीनचे कुटार धुऱ्यावर रचले जाते आणि घरोघरी गोधड्या उन्हात पडतात. माणसाची हिवाळ्याची तयारी बहुधा एवढ्यावर आटोपते. ज्याच्या दारात घोडा उभा आहे, त्याची तयारी मात्र याहून पुष्कळ मोठी असते. अमरावतीच्या जुन्या वस्तीत आमच्या घरामागे असा एक तबेला आहे. वर पत्रे, तीन बाजूंना तट्टे आणि आत दोन पांढऱ्या घोड्या. एक तरुण, वरातीत नवरदेवाला मिरवणारी. दुसरी चोवीस वर्षांची, जिच्या पाठीवर आता कोणी बसत नाही. मालकांना सारी गल्ली चाचा म्हणते. एके काळी ते बडनेरा स्टेशनापासून राजकमल चौकापर्यंत टांगा हाकीत असत. रिक्षा आल्या, टांगा गेला, आणि चाचा वरातींकडे वळले.

या तबेल्याकडे पाहता पाहता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. ज्या जनावराकडून आता काही मिळायचे नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असू, तर ते कशामुळे?

प्रथम ही सेवा कशी असते ते सांगितले पाहिजे. चाचा उजाडण्यापूर्वी उठतात आणि आधी लीद पाहतात. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले अन्न अडले तर ते जिवावर बेतते. थंडीत जनावर पाणी कमी पिते, कोरडा कडबा आतड्यात साचतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला दिवसाकाठी साधारण वीस ते चाळीस लिटर पाणी लागते. ते पोटात जावे म्हणून चाचा चुलीवर पाणी कोमट करून देतात. मग खरारा होतो. घोड्याच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस येतात ते मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे, आणि त्या केसांत धरून ठेवलेली हवाच त्याला ऊब देते. केस मळाने चिकटले किंवा भिजले की ती ऊब जाते. म्हणून वरातीहून घामाघूम होऊन परतलेल्या घोडीवर लगेच झूल टाकून चालत नाही. मध्यरात्र का असेना, तिला आधी हळूहळू फिरवावे लागते, कोरड्या पोत्याने अंग पुसावे लागते, आणि मगच झूल. थंडी वाजेल म्हणून तबेला चहूबाजूंनी बंद करणेही चुकीचे; मुताच्या उग्र वाफेने फुप्फुसे बिघडतात. म्हणजे नुसती कणव येथे पुरत नाही, तिला ज्ञानाची जोड हवी. आणि हे सारे दररोज, सणावारी आणि स्वतःला ताप असतानाही करावे लागते.

म्हातारीचे याहून अधिक. तिच्या दाढा झिजल्या आहेत. कडब्याची धांडे तिला चावत नाहीत. तिच्यासाठी बारीक कुट्टी करून ती कोंड्यात भिजवावी लागते. चंदीचा हरभराही रात्री भिजत घालावा लागतो. खरिपाची ज्वारी वऱ्हाडात पूर्वीसारखी राहिली नाही, तिची जागा सोयाबीनने घेतली; त्यामुळे कडबा दुर्मीळ झाला आणि महागही. अशा दिवसांत गेल्या कार्तिकात गल्लीतला एक शिकलेला मुलगा सहज बोलून गेला, "चाचा, हे म्हातारी आता काय कामाची? हिची चंदी धाकटीले घाला ना."

चाचा कुट्टी कालवीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "बेटा, तिच्या गळ्यातला दोर म्या बांधला. तिनं थोडीच बांधला?"

मुलाचा प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. तो हिशेबाचा होता, आणि हा हिशेब फार जुना आहे. इ. स. पूर्व 195 मध्ये रोमचा कॉन्सल असलेला केटो स्पेनच्या मोहिमेवर गेला. परतताना त्याने आपला लढाईतील घोडा तेथेच सोडला. का, तर जहाजाने आणण्याचा खर्च राज्यावर पडू नये म्हणून. केटोचे चरित्र लिहिणाऱ्या प्लुटार्कला ही काटकसर रुचली नाही. आपल्यासाठी राबलेला बैल केवळ म्हातारा झाला म्हणून आपण विकणार नाही, असे तो सांगतो. अथेन्सच्या लोकांनी मंदिराच्या बांधकामावर राबलेल्या खेचरांना मोकळे चरायला सोडले होते, याची तो आठवण देतो. त्याच्या मते न्याय हा माणसामाणसांतला व्यवहार आहे, परंतु दयाळूपणाची कक्षा त्याहून मोठी आहे.

पुढे इमॅन्युएल कांट याने 1797 मध्ये याच प्रश्नाला स्पर्श केला. म्हाताऱ्या घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता हे कर्तव्यच आहे, असे तो मानतो. मात्र ते कर्तव्य त्या जनावराप्रत नसून आपल्या स्वतःप्रत आहे. जनावराशी निष्ठुर वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही निष्ठुर होतो, हे त्याचे कारण.

दोघांचाही आदर राखून आम्हांस वाटते की चाचांचे उत्तर अधिक खोल आहे. प्लुटार्कची दया ही देणाऱ्याची मर्जी ठरते; ती आटली तर तक्रार कोणाकडे करावी? कांटच्या विचारात थंडीने कुडकुडणारी घोडी आपल्या मनाच्या शिक्षणाचे निमित्त बनून राहते. परंतु थंडी तिला वाजते, आपल्या मनाला नव्हे. चाचा दया किंवा कृतज्ञता यांपैकी काहीच बोलले नाहीत. ते दोराविषयी बोलले. मोकळे जनावर ऊन शोधते, आडोसा शोधते, दिवसभर चरत हिंडते. बांधलेल्या जनावराची ही सारी शक्ती आपण काढून घेतलेली असते. ज्याने ती काढून घेतली, त्याने तिची भरपाई केली पाहिजे. हे देणे घोडीच्या कमाईतून जन्मत नाही. ते आपण तिला आपल्यावर अवलंबून केले त्यातून जन्मते. म्हणून कमाई थांबली तरी ते थांबत नाही. उलट, म्हातारपणी अवलंबन वाढते, तसे देणेही वाढते.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो खरा आहे. चाचा गरीब आहेत. पोटभर जेवलेल्या माणसाने गरिबाला कर्तव्य शिकवणे सोपे असते. जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा मालकाला बजावतो की पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे, आणि जनावर उपासमारीत सोडून देणे हाही. कायदा योग्यच आहे; परंतु तो मालकाशी बोलतो, गाडीत बसणाऱ्यांशी नाही. बडनेऱ्याला उतरल्यावर टांग्याच्या भाड्यात आठ-आठ आण्यांची घासाघीस आम्हीच करीत होतो. घोड्याच्या म्हातारपणाचा खर्च त्या भाड्यात नाही, हे आमच्या कधी ध्यानी आले नाही. दोर चाचांनी बांधला खरा, पण त्याचे दुसरे टोक आम्हां प्रवाशांच्या हाती होते.

जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. घोड्यांचे हाल पाहता त्या निर्णयामागील कळकळ समजते. तथापि धंद्याला मुदत घालता येते, घोड्याच्या भुकेला घालता येत नाही. गाडी गेली म्हणजे आपले देणे फिटले, असे आपण नागरिक समजू लागलो तर तो केटोचाच हिशेब झाला.

आमचाही असा एक हिशेब आहे, तो येथे लपवू नये. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि ऐन लग्नसराईत वराती थांबल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी झाली. त्या काळात रात्री घरामागून खूर आपटल्याचा आवाज आम्हांस ऐकू येई. आपण घरात सुरक्षित आहोत याबद्दल आम्ही देवाचे आभार मानीत होतो. पण चाचांना विचारायला आम्ही गेलो ते कित्येक आठवड्यांनी. तोवर त्यांनी वरातीचा जरीचा साज विकून टाकला होता. वराती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना साज भाड्याने आणावा लागला. घोड्या मात्र दोन्ही ठाणावर होत्या.

निर्गमाच्या ग्रंथात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे, तीत बैल आणि गाढव यांच्याही विश्रांतीचा उल्लेख आहे. ही आज्ञा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण तीत जनावरांनाही जागा आहे याकडे लक्ष गेले ते त्या वर्षानंतर. तो विसावा त्यांच्या कामाचे बक्षीस म्हणून सांगितलेला नाही. ज्याला आपण जूं लावले, त्याला थांबण्याचाही अधिकार आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्हांस दिसतो. आणि हे जनावरांपुरते थांबत नाही. आपल्या घरांतील म्हातारे आईवडील, उभ्या आयुष्यात आपली धुणीभांडी केलेल्या बाया, ज्यांच्या राबण्यावर आपण सवयीने विसंबलो आणि ज्यांना आपल्यावर विसंबायला लावले, त्यांच्याकडे पाहताना आपण कोणता हिशेब मांडतो, हे वाचकांनी स्वतःशीच तपासावे.

त्या हिवाळ्यापासून आम्ही दरवर्षी कार्तिकात कडब्याच्या काही पेंढ्या घेऊन तबेल्यात टाकतो. याला दान म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. बडनेऱ्याच्या रस्त्यावर राहिलेले ते जुने भाडे आहे. चाचाही आभार मानीत नाहीत. ते पेंढी सोडून वास घेतात, बुरशी नाही ना ते पाहतात आणि आम्हांस म्हणतात, "बादली उचला जरा, पानी निवून राहिलं." मग आम्ही बादली उचलतो आणि म्हातारी पाणी पिते.