पोटासाठी आलेले

मनुष्य एखाद्या धर्मात वा गावात केवळ पोटासाठी शिरला, तर त्याचे तेथील नाते कायमचे हिणकसच ठरते काय? बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यातील विश्रामपूर या गावाचा व तेथील जुन्या चर्चचा इतिहास वाचताना हा प्रश्न मनात घर करून राहतो.

ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी १८६८ साली छत्तीसगडात आला. मूर्तिपूजा व जातिभेद नाकारणारा, गुरू घासीदासांचा सतनामी पंथ पाहून, ही भूमी आपल्या बीजासाठी जणू नांगरूनच ठेवली आहे, अशी त्याची समजूत झाली. पण सतनाम्यांना त्यांचे गुरू होते. लोरच्या मागे प्रारंभी मोजकीच माणसे गेली. पुढे १८९७ व १९०० च्या दुष्काळांत मात्र ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली. उपदेशाला जे साधले नव्हते, ते भुकेने साधले. शिवाय मिशनरीच गावाचा मालगुजार. जमीन आणि उपासना यांचा धनी एकच. तेव्हा त्या श्रद्धेला ‘पोटार्थी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

परंतु हा शब्द उच्चारताना आपली जीभ किंचित अडखळावयास हवी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात या मुलखात आलेला मराठी कारकून काय, किंवा १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यानंतर दुर्गला बिऱ्हाड थाटणारे आपण काय, येथे कोणी प्रेमाने ओढले गेलो नाही. पोटाने आणले.

भुकेल्याच्या घासाला कोणी अट घातली असेल, तर तो दोष अट घालणाऱ्याचा. घास घेणाऱ्याचा नव्हे. आणि नात्याचा आरंभ कसा झाला, यावरून त्याचे मोल ठरत नाही. लग्ने ठरताना तरी प्रेम कोठे असते? ते पुढे, एकमेकांचे सोसता सोसता, निर्माण होते. दुष्काळात बाप्तिस्मा घेतलेल्याच्या नातवाने त्याच चर्चमध्ये आपले मूल आणले, त्याच मातीत आपले मृत ठेवले, तर ती श्रद्धा त्याची स्वतःचीच होय. तिचा जुना हिशेब त्याच्याकडे मागण्याचा अधिकार कोणाला?

हिशेब मागायचा तर तो आपला आपल्याशीच मागावा. पोटासाठी आल्याची लाज नाही. पण वर्षानुवर्षे येथले अन्न खाऊन शेजारच्या गावाची कथाही ठाऊक नसावी, आणि नजर सदैव बदलीच्या हुकमावर असावी, याची मात्र वाटावी. विश्रामपूरकरांच्या आजोबांनी घास घेतला आणि ते तेथलेच झाले. आपण अजून पाहुणेच आहोत.