'समजेल' या शब्दाला बंदी

गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या प्रशिक्षणाचा आराखडा लिहायला बसले की पहिली कात्री 'समजेल' या क्रियापदाला लागते. 'अतिसाराचं गांभीर्य समजेल' अशी अध्ययन निष्पत्ती लिहिली की वरून लाल रेघ मारून परत येते. बरोबरच आहे. रॉबर्ट मेगर या अमेरिकी गृहस्थांनी १९६२ मध्येच बजावलंय: डोळ्यांना दिसेल ते लिहा, कुठल्या परिस्थितीत ते लिहा, कितपत नेमकं तेही लिहा. मग माझं वाक्य होतं, 'ताई घरच्याच भांड्यात १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी करून दाखवेल.' मीठ जास्त पडलं तर बाळाच्या जिवाशी येतं. तिथे 'समजलं हो' म्हणून भागत नाही.

मिठाच्या पाण्याचा आणखी एक वर्ग छांदोग्य उपनिषदात भरतो, सहाव्या अध्यायात. श्वेतकेतू बारा वर्षं गुरूकडे राहून, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ मानेनं घरी आला. (प्रमाणपत्र मिळाल्यावर मानेचं असंच होतं.) बापानं, उद्दालकानं, त्याला रात्री पाण्यात मीठ टाकायला लावलं आणि सकाळी म्हणाला, ते काढून दे. सापडेना. मग वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला लावलं. तिन्हीकडे खारट. या पाठात मेगरलाही खोट सापडली नसती. पण 'खारट' हे उत्तर उद्दालकाला नकोच होतं. दिसत नाही पण सगळीकडे भरून आहे, ते तूच आहेस, हे पोराला उमगावं अशी त्याची निष्पत्ती. ती कुठल्या रकान्यात तपासायची?

मागच्या पावसाळ्यात एका ताईनं पाणी कालवलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. आराखड्यात ते नव्हतं. का चाखलंत, विचारलं तर म्हणाली, "मॅडम, लेकराला पाजायचं, आधी मला नको का कळायला?"

पुढच्या आराखड्यात मी 'चाखून, अश्रूंपेक्षा खारट नाही याची खात्री करेल' अशी ओळ घातली. आता सगळ्याच चाखतात, सांगितलंय म्हणून. त्या ताईचं जे होतं ते पुन्हा रकान्याबाहेरच राहिलं.

मिठाच्या त्या पाठानंतर श्वेतकेतूची परीक्षा झाल्याचं त्या अध्यायात कुठे नाही. 'अजून सांगा' म्हणत राहतो, बाप नवा दाखला देत राहतो. आणि अध्याय संपतो तो आमच्या बंदीच्या यादीतल्याच क्रियापदावर: त्याला समजलं. तेही दोनदा लिहिलंय.