आश्रिताची सवड

मुक्या प्राण्यांवर दया करावी, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना आजी-आजोबांच्या सहवासात, घरच्या घरीच मिळालेली असते. विहिरीच्या काठी कोणी टाकून दिलेली पिल्ले, पावसात दाराशी येऊन ओरडणारी भाटी, रिक्षाच्या धडकेने लंगडत आलेला बोका, यांना चार घास घालणे आपल्या घरांना नवे नाही. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. प्राणिमित्रांच्या संस्था रस्त्यावरच्या अशा मांजरांना उचलून नेतात, त्यांच्यावर उपचार करतात, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करवून घेतात, लसी टोचतात आणि मग त्यांना कायमचे घर मिळावे म्हणून खटपट करतात. मुंबईतच नव्हे, तर आपल्या वसईच्या गावांतूनही अशी मांजरे दत्तक घेणारी कुटुंबे आता आढळतात. ही गोष्ट स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु या सत्कृत्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तोच आम्हांस येथे वाचकांपुढे मांडावयाचा आहे. ज्याला आपण आसरा दिला, त्याच्याकडून काही मागण्याचा हक्क आपल्याला आहे काय? असल्यास, किती लवकर?

प्रश्न वरकरणी चमत्कारिक वाटेल. मांजराकडून कोण काय मागणार? पण मांजर घरी येते तो दिवस डोळ्यांपुढे आणावा. मुलांनी नाव आधीच ठरवून ठेवलेले असते. शेजारची मंडळी पाहावयास जमलेली असतात. टोपली उघडली जाते, आणि मांजर एका झेपेत कपाटामागे नाहीसे होते. ते रात्रभर बाहेर येत नाही. ताटलीतले मासे तसेच वाळतात. दुसऱ्या रात्री ते करुण आवाजात ओरडू लागते आणि घरच्यांची झोप उडते. चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणतो, ‘हे काही माणसाळणार नाही.’ आठव्या दिवशी निकाल लागतो, ‘एवढे केले याच्यासाठी, पण याला त्याचे काहीच नाही.’ या शेवटच्या वाक्यात आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. आपण आसरा दिला तेव्हा त्याची किंमतही मनातल्या मनात ठरवली होती, हे त्या वाक्याने उघड होते.

अशा निकालानंतर काय घडते, हेही आपल्या परिचयाचे आहे. नकोसे मांजर पोत्यात घालून, वाट सापडू नये इतक्या दूर, मासळीबाजारात किंवा खाडीपलीकडे सोडून देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये एवढा दंड लिहिला गेला. जेथे कायद्याचा धाक इतका तोकडा, तेथे सगळा भार सदसद्विवेकबुद्धीवरच येऊन पडतो.

तेव्हा आधी हे समजून घेतले पाहिजे की, मांजर दडते का. मांजर माणसाच्या सोबतीला फार प्राचीन काळी आले. सायप्रस बेटावर माणसाच्या दफनाशेजारीच पुरलेले एक मांजर उत्खननात सापडले असून ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. बैलाला वेसण घालून आणि घोड्याला लगाम चढवून माणसाने आपलेसे केले. मांजर बहुतांशी आपल्या पायांनी आले, आणि त्याचा हा स्वभाव अद्याप पालटलेला नाही. त्याचे सारे जग जागेचे आणि वासाचे असते. गाल, अंग, पंजे घासून ते ज्या वस्तूंवर स्वतःचा वास ठेवते, त्या वस्तू त्याच्या ओळखीच्या. कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे जे आपल्याकडे म्हणतात, त्यात बरेच तथ्य आहे. नव्या घरात त्याचा स्वतःचा असा वास कोठेच नसतो. त्यातून सोडवून आणलेल्या मांजराच्या गाठीशी रस्ता, पिंजरा, सुई आणि शस्त्रक्रिया एवढे अनुभव असतात. ज्या हातांनी त्याला धरले ते दयाळू हात होते, हे त्याला कसे कळावे? त्याला फक्त धरले जाणे ठाऊक असते.

अशा जिवाला पहिल्या दिवसांत संपूर्ण घर दाखवू नये, एकच लहान खोली द्यावी. खोलीच्या एका कोपऱ्यात अन्न, त्यापासून थोडे दूर पाणी आणि समोरच्या कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवावे, कारण आपल्या शौचाच्या जागेलगत खाणे मांजराला रुचत नाही. खिडकीला जाळी असावी. दडण्यासाठी एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात जुनी चादर अंथरावी. खोके ही क्षुल्लक वस्तू वाटते, परंतु २०१४ साली नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यात झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या नवागत मांजरांना दडण्यासाठी खोके मिळाले ती, न मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरली. दडू दिल्यामुळे मांजर अधिक बुजरे होते, हा समज यावरून चुकीचा ठरतो. जेथून मनात येईल तेव्हा बाहेर पडता येईल अशी जागा मिळाली, म्हणजेच बाहेर येण्याचे धैर्य येते.

घरातील एकाने रोज ठरावीक वेळी त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसावे, वर्तमानपत्र वाचावे, हळू आवाजात बोलावे. हात पुढे करून मांजराला ओढू नये. त्याच्याकडे रोखून पाहू नये, कारण रोखलेली नजर त्याला धमकी वाटते. नजर मिळालीच, तर डोळे संथपणे मिटून उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, असे केल्यास मांजरेही आपले डोळे किलकिले करून प्रतिसाद देतात, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ येण्यास अधिक राजी होतात. घरात आधीचे मांजर असेल, तर दोघांना एकदम समोरासमोर आणू नये. एकाच्या अंथरुणातले फडके दुसऱ्याच्या खोलीत ठेवून आधी वासाची ओळख करून द्यावी. दुधाचा आग्रह धरू नये, कारण पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याला विचारावे, आणि दोन दिवस उलटू देऊ नयेत, कारण उपाशी मांजराच्या यकृताला धोका संभवतो. मुलांना ओरखडा किंवा चावा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुष्कळ वेळ धुऊन डॉक्टरांकडे जावे.

आमच्या घरी अशा दोन बहिणी एका संस्थेकडून आल्या. एक दुसऱ्याच दिवशी मुलांच्या मांडीवर जाऊन बसली. दुसरी वॉशिंग मशीनमागे गेली, ती एकोणीस दिवस माणसांदेखत बाहेर आली नाही. आमच्या मातोश्री रोज संध्याकाळी रोझरी आटोपली की तिची ताटली त्याच जागी ठेवीत आणि मागे वळून न पाहता निघून येत. नातू एकदा काठीने तिला बाहेर काढावयास निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाळा, ती आपली पाहुणी आहे. पाहुण्याला ओढून पानावर बसवतात का?’ विसाव्या दिवशी ती रोझरी चालू असताना बाहेर येऊन दाराशी बसली. पुढे ती मांडीवर कधीच आली नाही; आजही येत नाही. पण संध्याकाळी ती दाराशी असते. आम्हांला वाटते, तिने जे दिले ते तिच्या परीने पुरेसे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मांजराने आपल्याकडे आसरा मागितला नव्हता. करार झाला असेल तर तो एकाच बाजूने झाला आहे. सह्या आपल्या, अटीही आपल्याच. म्हणून आरंभीची सारी कर्तव्ये आपल्या पदरात पडतात. यावर कोणी म्हणेल की, प्रेम करणाऱ्याला प्रतिसादाची ओढ असणे स्वाभाविक आहे. ते आम्हांलाही मान्य आहे. ओढ असावी, पण अपेक्षा आणि वसुली यांतला फरक ओळखावा. अपेक्षा करणारा वाट पाहतो. वसुली करणारा दिवस मोजतो. दिवस मोजावयास लागलो की, केलेल्या दयेचे कर्जात रूपांतर होते, आणि ऋणको असा निवडलेला असतो की ज्याला आपण कर्ज घेतले हे ठाऊकच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि आपल्या वाचकांच्या मनात तो येणारच. माणसे उपाशी असताना मांजरांचे हे कौतुक कशासाठी? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात याचा समतोल विचार आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे सांगितले आहे, आणि मानवी दुःखनिवारणासाठी आधी खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर खर्चणेही शोभत नाही, असेही त्याच परिच्छेदात म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जानेवारीत, अपत्यांच्या जागी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या दांपत्यांविषयी खंत व्यक्त केली होती. हे दोन्ही इशारे आम्ही डोक्यावर घेतो. मात्र ते इशारे आपल्या प्रमाणबुद्धीला आहेत. घरात येऊन कपाटामागे दडलेल्या मांजराला ऐकवण्यासाठी ते नाहीत. घ्यावे की न घेावे, हा विचार घेण्यापूर्वी करावयाचा असतो. ऐपत नसेल, वेळ नसेल, घरात कोणाला दम्याचा त्रास असेल, तर नाही म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. घेतल्यानंतर खरोखरच अशक्य झाले, तर ज्या संस्थेने दिले तिच्या हाती स्वतः नेऊन सोपवावे. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. पोत्याची वाट मात्र बंद समजावी. आणि खर्चाचे म्हणाल, तर लस आणि औषधपाणी सोडल्यास वर सांगितलेल्या गोष्टींना फार पैसा लागत नाही. खोके, जुनी चादर, वाळू, मूठभर अन्न एवढ्यात भागते. जे सर्वांत महाग पडते ते आपले धैर्य, आणि ते मांजरासाठी वापरल्याने गरिबाच्या वाट्याचे काही कमी होत नाही.

संत फिलिप नेरी यांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. १५८३ साली ते रोममधील सान जिरोलामो येथील आपले जुने बिऱ्हाड सोडून व्हाल्लिचेला येथे राहावयास गेले. त्यांची मांजरी जुन्या जागीच राहिली. तिला खाऊ घालण्यासाठी ते आपल्या मंडळींपैकी कोणाला तरी तेथे पाठवीत आणि तो परतल्यावर ती नीट जेवली का, याची चौकशी करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिष्यांना नम्रता शिकवावी हा त्यामागे त्यांचा हेतू होता, असे म्हणतात. तो असेलही. पण ती मांजरी त्यांच्या पायांशी येऊन बसत नसतानाही तिची ताटली भरलेली राहिली, ही गोष्ट आम्हांला अधिक बोलकी वाटते.

हा विचार मांजरांपाशी थांबत नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल. गावची वाडी सोडून मुलाच्या बोरिवलीच्या सदनिकेत राहावयास आलेली वृद्ध आई खिडकीपाशी गप्प बसून राहते, तेव्हा ‘सगळे आहे येथे, मग हिला काय कमी आहे?’ असे आपण चटकन म्हणतो. नवी सून महिनाभरात मोकळेपणाने हसली नाही, की तिच्या स्वभावाचा निवाडा होतो. आईबाप गमावून काकाकडे आलेला मुलगा ताटातले अर्धे टाकतो, तेव्हा त्याला उपकारांची आठवण करून दिली जाते. माणसाची योग्यता मांजराहून किती मोठी, हे सांगावयास नको. आणि म्हणूनच, मांजराला जी सवड द्यावयाची ती माणसाला नाकारणे अधिक दोषास्पद आहे. ‘हे आता तुमचेच घर’ असे सांगणे यजमानाच्या हाती असते. ते आपले वाटू लागणे येणाऱ्याच्या हाती असते, आणि त्याला किती दिवस लागतील हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

म्हणून ज्या कुटुंबात मांजर आणण्याचा बेत चालला असेल, त्यांनी एका संध्याकाळी मुलांसह एकत्र बसून एवढेच ठरवावे : ते कधीच मांडीवर आले नाही तरी त्याची ताटली रोज भरली जाईल ना? याला सर्वांचे मनापासून ‘होय’ असेल, तर खुशाल आणावे. मुलांना त्यातून आणखी काही शिकवण्याची गरज उरणार नाही.