जागा कोणाची?

कांहीं वाद वरवर पाहतां इतके क्षुल्लक दिसतात, कीं सुज्ञ मनुष्यानें त्यांकडे लक्षच देऊं नये असें वाटावें. महाविद्यालयाच्या खेळाडूंच्या संघांत अमुक एका जागीं कोणत्या विद्यार्थ्यास उभें करावें, हा वाद अशांपैकींच एक होय. तथापि ज्या वादापायीं हजारों माणसें आपली झोंप घालवितात, त्याच्या तळाशीं बहुधा एखादा खरा प्रश्न दडलेला असतो. ज्यानें आजवर काम नीट केलें त्यास त्या जागेवर हक्क प्राप्त होतो काय, आणि त्याच्याहून अधिक समर्थ मनुष्य पुढें आला असतां काय करावें, हा तो प्रश्न होय. घरांत, कचेरींत, सार्वजनिक संस्थांत तो नित्य उपस्थित होतो. परंतु तेथें त्याचा निकाल बंद दाराआड लागतो. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलांत तो लाखों लोकांच्या देखत लागतो, म्हणून तेथील एका प्रसंगाच्या आधारें त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. यांतील चेंडू अंडाकृति असतो. तो हातांत घेऊन पळतात किंवा फेकतात. एका वेळीं प्रत्येक बाजूचे ११ गडी मैदानांत असतात, व चार प्रयत्नांत चेंडू निदान १० यार्ड पुढें न्यावयाचा असतो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो, आणि तो कोणास द्यावा, कोठें फेकावा, कीं स्वतःच घेऊन धांवावें, हें ज्यास दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. इतर जागांवर गडी आळीपाळीनें घालतां येतात. या जागेवर सहसा एकच असतो. एका रथावर दोन सारथि बसविले तर घोडे कोणाचें ऐकणार? म्हणून ज्या संघाजवळ एकहि चांगला क्वार्टरबॅक नाहीं तो दुर्दैवी खराच. परंतु ज्याच्याजवळ दोन आहेत, त्याच्या शिक्षकालाहि स्वस्थता नाहीं.

अलाबामा विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक निक सेबन यांच्यावर हा प्रसंग ८ जानेवारी २०१८ रोजीं आला. अटलांटा येथें राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना होता व समोर जॉर्जिया विद्यापीठाचा संघ होता. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌स हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्या रात्रीपूर्वीं त्यानें ज्या २७ सामन्यांचा आरंभ केला होता, त्यांपैकीं २५ संघानें जिंकिले होते. परंतु त्या दिवशीं अर्धा खेळ संपला तेव्हां जॉर्जियाचे १३ गुण झाले होते व अलाबामाचें खातें कोरें होतें. हर्ट्‌सनें फेकलेल्या ८ चेंडूंपैकीं तीनच आपल्या गड्यांच्या हातीं लागले होते. मध्यंतरानंतर सेबन यांनीं त्यास बाहेर बसविलें आणि हवाई बेटांतून आलेला टुआ टुंगोवायलोआ नांवाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मैदानांत धाडिला. त्यानें संघास बरोबरीस आणिलें. जादा वेळांत जॉर्जियानें ३ गुण मिळविले. नंतर टुआच्या पहिल्याच प्रयत्नांत प्रतिपक्षानें त्यास गांठून १६ यार्ड मागें पाडिलें. आणि लगेच पुढच्या प्रयत्नांत त्यानें ४१ यार्डांची फेंक करून सामना २६ विरुद्ध २३ असा जिंकून दिला. बाहेर बसलेला हर्ट्‌स इतरांइतक्याच उत्साहानें त्या आनंदांत सामील झाला.

त्या रात्रीपासून पुढील हंगामापर्यंत जागा कोणाची, हाच एक विषय चर्चेस उरला. एका पक्षाचें म्हणणें असें, कीं ज्यानें दोन वर्षें संघास विजय मिळवून दिले, त्यास एका वाईट अर्ध्या सामन्यावरून दूर करणें हा कृतघ्नपणा होय. दुसऱ्याचें म्हणणें असें, कीं टुआची फेंक ज्यानें पाहिली त्यास शंकेचें कारणच नाहीं; खेळ हा खेळ आहे, तेथें उपकार फेडीत बसावयाचें नसतें. दोन्ही पक्षांत विचारी माणसें होतीं, आणि आमच्या मतें दोघांच्याहि म्हणण्यांत अर्धें सत्य होतें.

पहिल्या पक्षाची चूक अशी, कीं तो जागेस बक्षीस समजतो. बक्षीस हें झालेल्या कामाबद्दल द्यावयाचें असतें. जागा ही व्हावयाच्या कामासाठीं असते. होऊन गेलेल्या पंचवीस विजयांचें श्रेय हर्ट्‌सचें होतें व तें कोणासहि हिरावून घेतां येत नव्हतें. परंतु सव्विसावा विजय अद्यापि कोणाचाच नव्हता. शिवाय हा हिशेब केवळ शिक्षक व दोन विद्यार्थी यांच्यापुरता नसतो. प्रतिपक्षाचे धक्के अंगावर घेणारे इतर गडी, वर्षभर पहाटे उठून घाम गाळणारे राखीव विद्यार्थी, या सर्वांचा शिक्षकावर हक्क असतो. एकावरील उपकाराची फेड त्यानें या सर्वांच्या पदरच्या द्रव्यांतून करावी काय? स्वतःच्या खिशांतून दान करणें हें औदार्य. दुसऱ्याच्या खिशांतून करणें यास वेगळें नांव आहे.

दुसऱ्या पक्षाची चूक याहून सूक्ष्म आहे. सेबन यांचा निर्णय योग्य होता, कारण संघ जिंकला, असें तो म्हणतो. परंतु ती ४१ यार्डांची फेंक चार बोटें पलीकडे पडती, तर तोच निर्णय अयोग्य ठरला असता काय? १६ यार्ड मागें पडलेल्या त्या प्रयत्नानंतर, दुसरा प्रयत्न होईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटांत, सेबन शहाणे होते कीं मूर्ख? निर्णयाची परीक्षा तो घेतेवेळीं जें ठाऊक होतें त्यावरून करावी, मागाहून जें घडलें त्यावरून नव्हे. १३ गुणांची पिछाडी होती, चेंडू फेकण्यावांचून ती भरून निघणार नव्हती, आणि फेकण्यांत टुआ अधिक कुशल आहे हें शिक्षकानें सरावांत नित्य पाहिलें होतें. निर्णय योग्य होता, तो या कारणानें. पराभव झाला असता तरीहि तो योग्यच राहिला असता. मात्र त्याचें समर्थन करावयास फारसें कोणी पुढें आलें नसतें.

याप्रमाणें जागा समर्थास द्यावी असें ठरल्यावर प्रश्न संपला, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस वाटतें, तो येथेंच सुरू होतो. जागा हें बक्षीस नव्हे म्हणून कृतज्ञतेचें ऋण फिटत नाहीं. तें दुसऱ्या नाण्यांत फेडावें लागतें एवढेंच. तें नाणें कोणतें, हें हर्ट्‌सनेंच एके प्रसंगीं सांगितलें. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत तो वृत्तपत्रकारांशीं बोलला. आपली जागा गेली, अशी त्याची तक्रार नव्हती. इतके महिने सर्व जग आपणांविषयीं बोलत होतें, परंतु आपणांस काय वाटतें हें शिक्षकांपैकींहि कोणी येऊन विचारिलें नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. वीस वर्षांच्या मुलाच्या या म्हणण्यांत न्यायाचें एक मोठें तत्त्व आहे. ज्याच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा त्यास निर्णयापुरतें वगळतां येईल, पण माणूस म्हणून वगळतां येत नाहीं.

हें वाचून आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. कित्येक वर्षांपूर्वीं महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेसाठीं विद्यार्थी निवडण्याचें काम आमच्याकडे होतें. दोन वर्षें ढाल जिंकून आणणाऱ्या एका विद्यार्थ्यास वगळून आम्हीं दुसऱ्यास पाठविलें. निवड बरोबर होती असें आम्हांस तेव्हां वाटलें व आजहि वाटतें. परंतु ती त्यास आम्हीं बोलावून सांगितली नाहीं. सूचनाफलकावर कागद लाविला, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्याची नजर चुकविली. त्यानें तक्रार केली नाहीं. पुढें रस्त्यांत भेटे तेव्हां नमस्कारहि करी. पण त्या वर्षानंतर तो आमच्या खोलींत कधीं आला नाहीं. तो कागद लावावयास आम्हांस अर्धें मिनिट लागलें होतें. त्याच्याशीं बोलावयास दहा मिनिटें लागलीं असतीं. तीं आम्हीं वांचविलीं, तीं वेळेच्या अभावीं नव्हे, तर धैर्याच्या अभावीं.

निवडणाऱ्याच्या कर्तव्याविषयीं इतकें पुरे. जो दूर सारला गेला त्याचें कर्तव्य काय? भीष्म सेनापति असेपर्यंत शस्त्र धरणार नाहीं, असें म्हणून कर्ण दहा दिवस शिबिरांत बसून राहिला. त्याचा अपमान खरा होता. परंतु त्या दहा दिवसांत जे पडले, त्यांनीं त्याचा अपमान केला नव्हता. हर्ट्‌सनें दुसरा मार्ग धरिला. त्याच सालीं असा नवा नियम झाला होता, कीं चारांहून अधिक सामन्यांत न खेळणाऱ्या विद्यार्थ्याचें तें वर्ष हिशेबांत धरूं नये. तो नियम साधून घेतां येत असूनहि हर्ट्‌स पांचव्या सामन्यांत राखीव म्हणून उतरला व संघांतच राहिला. १ डिसेंबर २०१८ रोजीं त्याच अटलांटांत, त्याच जॉर्जियाविरुद्ध, शेवटच्या चरणांत टुआ जायबंदी झाला. अलाबामा २१ विरुद्ध २८ असें मागें होतें. हर्ट्‌स आंत गेला, एक फेंक करून त्यानें बरोबरी साधिली, व सुमारें एक मिनिट उरलें असतां स्वतः चेंडू घेऊन धांवून सामना ३५ विरुद्ध २८ असा जिंकिला.

ही कथा इतकी गोड आहे, कीं तीवरून तात्पर्य काढतांना सावध राहिलें पाहिजे. त्याच हंगामांत क्लेमसन विद्यापीठांत चार सामन्यांनंतर केली ब्रायंट याची जागा ट्रेव्हर लॉरेन्स या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मिळाली, आणि ब्रायंट संघ सोडून गेला. पुढच्याच सामन्यांत लॉरेन्स जायबंदी होऊन बाहेर गेला, तेव्हां मदतीस ब्रायंट नव्हता. तिसऱ्याच एका विद्यार्थ्यानें तो सामना सांवरिला. तरीहि शेवटीं अजिंक्यपद क्लेमसननेंच जिंकिलें, आणि तेंहि अलाबामास ४४ विरुद्ध १६ असें हरवून. ब्रायंटला आम्ही दोष देत नाहीं. त्याचें तें शेवटचें वर्ष होतें; राहिला असता तर तें गेलें असतें. हर्ट्‌सचें एक वर्ष राहूनहि शिल्लक होतें. ज्याचा त्याग थोडा आहे त्याच्या मापानें, ज्याचा मोठा आहे त्यास मोजूं नये. राहणें हा सद्‌गुण आहे. पण न राहणें हा प्रत्येक वेळीं दुर्गुण ठरत नाहीं.

पुढें हर्ट्‌स पदवी घेऊन ओक्लाहोमा विद्यापीठांत गेला, धंदेवाईक खेळाडू झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें फिलाडेल्फियाच्या संघास त्यानें त्या देशांतील सर्वोच्च विजय मिळवून दिला. धीर धरणाऱ्यास देव असें फळ देतो, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. फळ न मिळतें तरी त्या डिसेंबरांतील त्याचें वर्तन तितकेंच चांगलें ठरतें. निर्णयाविषयीं वर जें म्हटलें तें शीलाविषयींहि खरें आहे.

आतां काळ पालटला आहे. २०२१ पासून या विद्यार्थ्यांस आपल्या नांवावर पैसे मिळवितां येऊं लागले, विद्यापीठ बदलणें सोपें झालें, आणि २०२५ पासून विद्यापीठें स्वतःच त्यांस पैसे देऊं लागलीं. ज्यांच्या श्रमांवर इतरांनीं वर्षानुवर्षें धन मिळविलें, त्यांस त्यांचा वांटा मिळाला, हें न्याय्यच झालें. जागा गेली तर आज विद्यार्थी सहज दुसरीकडे जाईल, व शिक्षक दुसरा आणील; कोणास कोणाशीं तें अवघड संभाषण करण्याचें कारणहि पुष्कळदां उरणार नाहीं. भीति वाटते ती एवढीच. जागा समर्थाची, यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु जो ती सोडून उठतो, त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलण्याचें काम कोणत्याहि नियमानें वा वेतनानें दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं. तें निवडणाऱ्याचेंच काम आहे. आम्हांस तें एकदां करतां आलें असतें.